लँड रोव्हर, गंज आणि रस्त्यांआधीची अमिराती



आपल्या देशी लोकांत एक ठाम समजूत आहे. वाळवंटातली गाडी गंजत नाही. पाऊस नाही, चिखल नाही, मग गंज येणार कुठून? मुंबईत चार पावसाळे काढलेल्या गाडीचे दरवाजे खालून कुरतडल्यासारखे झालेले आपण सगळ्यांनीच पाहिलेत, त्यामुळे इथल्या कोरड्या हवेचं कौतुक वाटणं साहजिक आहे. पण गेली तीन वर्षं मी आणि माझे दोन मित्र शुक्रवार-शनिवार गाठून शारजात एक जुनी लँड रोव्हर उभी करतोय, आणि त्या गाडीने आम्हाला उलटंच शिकवलं. गाडी इथेही गंजते, भरपूर गंजते. आणि ती कुठे व कशी गंजली हे नीट पाहिलं तर डांबरी रस्ते यायच्या आधी या देशात लोक कसे फिरत होते, ते कळतं. म्हणून हे थोडं लांबलचक लिहितोय. कंटाळा आला तर मधले परिच्छेद सोडा, पण शेवटचे दोन वाचा :-)

आधी गाडीचं कुळ. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज जीप ही या सगळ्या घराण्याची मूळ पुरुष. तिच्या एका शाखेशी आपली चांगली ओळख आहे. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू झाली. मामलेदारापासून साखर कारखान्याच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या दारात पुढे जी जीप दिसायची, ती हीच. दुसरी शाखा जपानची. टोयोटाने १९५१ मध्ये 'जीप बीजे' काढली, पण जीप हे नाव विलीजचं, म्हणून १९५४ मध्ये तिचं 'लँड क्रूझर' झालं. तिसरी शाखा इंग्लंडची. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर लष्कराने काढून टाकलेली जीप वापरत. ती मोडली तर दुसरी कुठून आणायची, या विचारातून लँड रोव्हर निघाली. १९४७ च्या पहिल्या नमुन्याला तर जीपचीच चासी होती. ३० एप्रिल १९४८ ला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती जगासमोर आली.

आता गंजाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. युद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादावर रेशन होतं. विमानांच्या कारखान्यांमुळे ॲल्युमिनियम मात्र मिळत होतं. म्हणून लँड रोव्हरचा बाहेरचा पत्रा बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला आणि चासी पोलादाची ठेवली. त्यामुळे ही गाडी फसवी आहे. बाहेरून पाहावं तर सत्तर वर्षांची म्हातारीसुद्धा ठणठणीत दिसते, कारण ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. खाली आडवं झोपून टॉर्च मारला की खरा प्रकार दिसतो. चासी म्हणजे चौकोनी पोकळ नळी, पत्रा जेमतेम २ मिलिमीटरचा. ती आतून कुजते. बाहेरून रंग शाबूत आणि आत पापुद्रे.

आमची गाडी १०९ इंची, सीरीज टू-ए, म्हणजे १९६१ ते १९७१ या काळातलं मॉडेल. हेडलाइट मधल्या जाळीत आहेत. साठच्या दशकाच्या शेवटी कंपनीने ते मडगार्डवर नेले, म्हणजे आमची त्याआधीची. तेव्हा इथे संयुक्त अरब अमिराती नावाचा देशच नव्हता, तो झाला २ डिसेंबर १९७१ ला. तेव्हा हे ट्रूशल स्टेट्स होते आणि व्यवहार चालायचा रुपयात! आधी साधा भारतीय रुपया, १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेला रुपया. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि इथल्या राज्यांनी तो सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. तेव्हा आमची गाडी १९६६ च्या आधी विकली गेली असेल, तर तिची किंमत बहुधा आपल्या रुपयातच मोजली गेली असणार.

त्या काळात इथे लँड रोव्हर कोण चालवायचं? एक म्हणजे ब्रिटिशांनी १९५१ मध्ये शारजाला उभारलेलं ट्रूशल ओमान लेव्हीज हे दल, ज्याचं १९५६ मध्ये ट्रूशल ओमान स्काउट्स झालं. दुसऱ्या तेल कंपन्या. आणि तिसरे इथले शेख आणि व्यापारी. १९४६ ते १९४८ या काळात विल्फ्रेड थेसिजर रुब अल खाली उंटावरून ओलांडत होता, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उंटाची जागा या गाड्यांनी घेतली. इतका तो बदल झपाट्याचा होता.

पण रस्ते कुठे होते? नव्हतेच. दुबईहून शारजा किंवा अबुधाबीला जायचं तर ओहोटीची वेळ बघायची आणि समुद्राच्या कडेने ओल्या, घट्ट वाळूवरून गाडी हाणायची. किनारा सोडला की सबखा. सबखा म्हणजे किनाऱ्यालगतची खाऱ्या चिखलाची सपाट पठारं. वरून पापडासारखी कोरडी, खाली मिठाचा राडा. अबुधाबी तर बेट. मक्ताचा पूल झाला १९६८ मध्ये. त्याआधी ओहोटीला उथळ पाण्यातून पलीकडे जायचं, नंतर तिथे बांध झाला. दुबईच्या खाडीवरचा मक्तूम पूल १९६३ चा. लांब पल्ल्याचे डांबरी रस्ते यायला लागले साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे त्याआधीची प्रत्येक गाडी रोज खारं पाणी पीत होती म्हणा ना.

आमच्या चासीची मागची आडवी पट्टी कापली तेव्हा आतून बादलीभर वाळू निघाली, आणि त्या वाळूत बारीक बारीक शिंपले! पाणी निथळायची भोकं वाळूने बुजलेली, आत ओल धरून ठेवलेली. गाडीची कागदपत्रं तिच्या पहिल्या वीस वर्षांबद्दल काही सांगत नाहीत. त्या शिंपल्यांनी सांगितलं.

इथे थोडं रसायनशास्त्र, पण कामाचं. लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते, पाऊसच लागतो असं नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की ओल शोषून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या आणि सबखाच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. इथल्या उन्हाळ्यातली रात्र आठवा, चष्मा लगेच धुरकटतो. तेवढी हवा त्या मिठाला पुरते. शिवाय क्लोराईड गंज घडवून आणतं पण स्वतः संपत नाही. म्हणून गंज घासून वर रंग मारला तरी खाली मीठ राहिलं तर सहा महिन्यांत फोड येतात. अल ऐनला किंवा आत वाळवंटात वाढलेली गाडी आणि किनाऱ्यावर वाढलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो तो यामुळेच. जुनी गाडी घेताना 'डेझर्ट कार' या शब्दावर जाऊ नका, कुठलं डेझर्ट ते विचारा.

आम्हाला हे शिकवलं एका पंजाबी उस्तादांनी. सत्तरच्या दशकात आलेले, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात हयात गेली. त्यांचं पहिलं वाक्य, "पहले नमक निकालो, जंग बाद में." मग त्यांनी छोटी हातोडी घेऊन चासीवर टकटक करायला सुरुवात केली. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. आपल्याकडे मडकं घेताना वाजवून बघतात ना, तसंच. जिथे भद्द वाजलं तिथे खडूने गोल. असे एकवीस गोल झाले.

नंतरचं काम क्रमाने सांगतो, कुणाला उपयोग होईल. भोकं मोकळी करून गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चासी आतून-बाहेरून धुवायची, एकदा नव्हे, चार-पाच वेळा, आणि मध्ये पूर्ण वाळू द्यायची. कापण्याआधी चासीचे कर्ण मोजून लिहून ठेवायचे, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकडी झाली तर कळतं. बॅटरी काढायची, पेट्रोलची टाकी उतरवायची. कुजलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा. गंजावर ठिगळ लावायचं नाही, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि ठिगळ आतून फुगवतो. पत्रा तेवढ्याच जाडीचा घ्यायचा. लांबलचक वेल्डिंग एका दमात न करता दोन-दोन इंचांचे टाके, आज इथे तर मग तिथे. वर जस्ताचं प्रायमर, आणि पोकळीत मेण फवारायचं. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे भिडतं तिथे मध्ये रबराची पट्टी किंवा जॉइंटिंग पेस्ट हवीच, कारण खाऱ्या ओलीत हे दोन धातू एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. गॅल्व्हनाइज्ड भागावर वेल्डिंग करताना धूर नाकात जाऊ देऊ नका, जस्ताच्या धुराने ताप भरतो.

सुट्या भागांचं म्हणाल तर वाटतं तेवढं अवघड नाही. सीरीज टू-ए आणि नंतरची सीरीज थ्री, जी १९८५ पर्यंत बनत होती, यांचे पुष्कळ भाग एकमेकांना चालतात. पार्ट नंबरचं जुनं पुस्तक हाताशी ठेवा. भंगारवाल्याला "लँड रोव्हरचं अमुक" असं सांगण्यापेक्षा नंबर आणि जुना भाग दाखवला की काम होतं. इंग्लंडहून नवं सगळं येतं, अगदी गॅल्व्हनाइज्ड चासीसुद्धा. भारतात बनलेले भागही मिळतात, लोखंडी भाग चांगले निघाले, रबराचे मात्र हाताने दाबून आणि वास घेऊन घ्या.

पण भाग शोधताना मला खरी गंमत वाटली ती नटबोल्टांची. मूळ बोल्ट इंग्लिश इंचातले. त्यांच्यामध्येच मधूनमधून मिलिमीटरचे बोल्ट, आटे न जुळता दामटून बसवलेले. उस्ताद म्हणाले, हे टोयोटाचे. इथे लँड क्रूझर आणि जपानी पिकअप सगळीकडे झाल्यावर गॅरेजच्या डब्यात जे पडलेलं असायचं ते लागायचं. एका आउटरिगरवर तेलाच्या पिंपाच्या पत्र्याचं ठिगळ होतं, अक्षरांचा उठाव अजून दिसतो. वेल्डिंग ओबडधोबड, पण गेली कित्येक वर्षं धरून आहे.

मग प्रश्न आला. माझा एक मित्र म्हणाला, नवी चासी मागवू, आयुष्यभराची कटकट मिटेल. त्याचं चुकीचं नव्हतं. पाट्यांचे टेकू किंवा स्टिअरिंगजवळचा भाग गेलेला असेल तर मीही तेच सांगेन, जिवाशी खेळ नको. पण आमचे ते भाग शाबूत होते. शिवाय चासीवर ठोकलेला नंबर हीच गाडीची ओळख, आणि तीच बदलली तर पासिंगच्या वेळी कागदांचा घोळ होणार. ही कारणं खरी आहेत, तरी माझं मुख्य कारण वेगळं होतं. या देशाच्या इतिहासात शेखांची नावं आहेत, ब्रिटिश अधिकाऱ्यांची आहेत, तेल कंपन्यांचीही आहेत. ज्याने पिंपाचा पत्रा कापून ही गाडी रस्त्यावर, म्हणजे किनाऱ्यावर, ठेवली, त्याचं नाव कुठेच नाही. तो केरळचा असेल, बलुची असेल, इराणी असेल, कोण जाणे, आपल्या रत्नागिरीचाही असेल. त्याच्या हाताची एवढीच खूण उरलीय. शेवटी आम्ही एकोणीस ठिकाणी कापलं, मागची पट्टी नवी लावली, आणि पिंपाचं ठिगळ आतून आधार देऊन तसंच ठेवलं.

उस्ताद गेल्या वर्षी कायमचे गावी परतले. इथे आपल्यापैकी बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी संपली की बॅग भरायची. त्यांच्याबरोबर हातोडीचा तो कानही गेला. शारजाच्या संग्रहालयात जुन्या गाड्या चकचकीत करून मांडलेल्या आहेत, मुलांना घेऊन जरूर जा. पण त्या कुणी, कशा चालत्या ठेवल्या ते तिथल्या पाटीवर नसतं. तेव्हा मंडळी, एक विनंती. तुमच्या ओळखीत साठ-सत्तरच्या दशकांत आखातात गॅरेजमध्ये, बंदरावर किंवा तेल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं कुणी असेल, काका, मामा, शेजारी, तर त्यांना बोलतं करा आणि जे सांगतील ते लिहून ठेवा. लोखंडापेक्षा आठवणींना गंज लवकर चढतो, आणि तिथे ठिगळ लावता येत नाही.