गाडीच्या काचेमागचा डोळा : इमेज सेन्सरची गोष्ट

आज सुरुवात रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरापासून करू या. १५ फेब्रुवारी २०१३, सकाळचे सव्वानऊ वाजून गेलेले. लोक कामावर निघालेत. तेवढ्यात आकाशात सूर्यापेक्षाही प्रखर लोळ दिसला. सुमारे २० मीटर व्यासाचा दगड सेकंदाला जवळपास १९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला आणि तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. त्या धक्क्याने शहरभर काचा फुटल्या, दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी झाली.

जगानं हे पाहिलं ते बरंचसं गाड्यांच्या डॅशकॅममधून. अपघातानंतर विम्यासाठी आणि कोर्टात पुरावा हवा, म्हणून तिथली ड्रायव्हर मंडळी हे कॅमेरे आधीपासूनच लावत होती. गंमत म्हणजे कित्येक चित्रफितींत ऐन क्षणी पडदा पांढराफटक होतो. मग शास्त्रज्ञांनी काय केलं? खांबांच्या सरकत्या सावल्या मोजल्या. काही ठिकाणी रात्री परत जाऊन ताऱ्यांचे फोटो काढले आणि त्यावरून कॅमेऱ्याच्या कोनाचा हिशेब बसवला. उल्केचा मार्ग असा मिळाला.

पडदा पांढरा का झाला, हे कळायला ४४ वर्षं मागे जावं लागेल. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. अंगणात ओळीने भांडी मांडून ठेवलीत आणि पाऊस पडतोय, असं समजा. पाऊस म्हणजे प्रकाश, साठलेलं पाणी म्हणजे विद्युतभार. पाऊस थांबला की भांडी हातोहात पुढे सरकवायची आणि टोकाला बसलेल्या एका माणसानं सगळी मोजायची. भांडं ओसंडलं की पांढरा रंग. तळच ओला झाला नाही तर काळा. या कल्पनेला २००९मध्ये नोबेल मिळालं.

१९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी सीसीडी वापरून डिजिटल कॅमेरा बनवला. शंभर गुणिले शंभर पिक्सेल, आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद!

सीसीडी चित्र छान देई, पण वीज फार खाई. १९९०च्या दशकात नासाच्या जेपीएलमध्ये एरिक फॉसम यांना अंतराळयानासाठी छोटे, हलके कॅमेरे हवे होते. त्यांनी प्रत्येक भांड्यापाशीच एक मोजणारा बसवला. हा सीमॉस सेन्सर. तुमच्या मोबाइलमध्ये आणि डॅशकॅममध्ये आज तोच आहे. पण एक अडचण होती. चिपवरच्या तारा प्रकाशाच्या वाटेतच येत. साधारण २००९पासून चिप उलटी करून पाठीमागून प्रकाश घेणारे सेन्सर बाजारात आले, आणि अंधारातलं चित्र एकदम सुधारलं. सोनीनं पुढे स्टारव्हिस नावानं असे सेन्सर काढले, ते मुळात सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी. डॅशकॅमवाल्यांनी तेच उचलले.

आता आपण दुकानात उभे आहोत. एका खोक्यावर फुल एचडी, दुसऱ्यावर फोर-के. कुठला घ्यायचा? सोनीचा आयएमएक्स २९१ घ्या : दोन मेगापिक्सेल, एकेक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. आयएमएक्स ४१५ घ्या : आठ मेगापिक्सेल, पिक्सेल १.४५ मायक्रॉनचा. दोन्ही चिपांचा आकार जवळपास सारखाच. म्हणजे अंगण तेवढंच, भांडी चौपट, आणि प्रत्येकात पाऊस पाव. दिवसा पाऊस मुसळधार असतो, तेव्हा फोर-के खरंच जास्त तपशील देतो. रात्री मात्र हीच लहान भांडी नडतात. म्हणून नंतरच्या आयएमएक्स ६७८मध्ये आठ मेगापिक्सेल ठेवून चिपच मोठी केली, पिक्सेल दोन मायक्रॉनचा झाला. खोक्यावर दोन्हींना ‘फोर-के’च लिहिलेलं असतं! काही स्वस्त कॅमेरे तर दोन मेगापिक्सेलचं चित्र ताणून फोर-के म्हणून विकतात. आमच्या मते ही सरळ फसवणूक आहे.

हे एवढं उगाळायचं कारण? रात्री कुणाला ठोकर मारून गाडी निघून जाते. घरच्यांच्या हाती उरतं ते मागून येणाऱ्या एखाद्या गाडीतलं रेकॉर्डिंग, आणि त्यात नंबर वाचता आला तर तपासाला धागा मिळतो. अंधारात कॅमेरा भांडं जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा एक तीसांश सेकंद. ताशी ६० किलोमीटरनं समोरून येणारी गाडी तेवढ्यात ५५ सेंटिमीटर पुढे सरकते. आपणही त्याच वेगात असलो तर हे अंतर मीटरच्या वर जातं. चित्र उजळ दिसतं, आकडे मात्र फराटा होऊन जातात.

आणि चेल्याबिन्स्कचा पांढरा पडदा इथे परत येतो. आपल्याकडच्या नव्या एचएसआरपी पाट्या परावर्तक आहेत. पुढच्या गाडीच्या पाटीवर आपल्याच हेडलाइटचा झोत पडला, की ती लख्ख पांढरी होते आणि भोवतीचा रस्ता काळाच राहतो. यावर उपाय म्हणून एचडीआर आलं : एक झटपट छबी पाटीसाठी, एक सावकाश छबी रस्त्यासाठी, मग दोन्हींची जोडणी. वेगात या दोन छब्या जुळत नाहीत, कडांना भुतं दिसतात. नवे सेन्सर एकाच छबीत जास्त पल्ला पकडायला बघतात, ते त्यासाठीच.

तेव्हा दोन कॅमेरे ताडून बघायचे असतील तर एकाच काचेवर, शेजारी शेजारी लावा. रात्री दिवे नसलेल्या रस्त्यावर चक्कर मारा. मग चालतं चित्र बघत बसू नका. पुढच्या गाडीपाशी चित्र थांबवा आणि पाटी वाचा.