निबंधाचा तास : वारसा आणि अपेक्षा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याच हाताखाली मी मराठी लिहावयास शिकलो. नववी-दहावीतील होतकरू मुलांसाठी लेखनाचा एखादा विशेष वर्ग असावा, असे माजी विद्यार्थी एकत्र आले की वरचेवर बोलणे निघते. अशा वर्गात येणाऱ्या मुलाने कशाची अपेक्षा धरावी, याचा थोडा विचार इतिहासाच्या आधारे करावा, असे मी योजिले आहे.

आधुनिक मराठी निबंधाचा शाळेशी संबंध फार जवळचा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे ती नोकरी सोडून त्यांनी १८८० मध्ये पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर त्याच शाळेत शिकवू लागले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ पत्र सुरू केले. हे दोघे परस्परविरोधी मतांचे. परंतु वाचकास कारणे देऊन आपले म्हणणे पटवावे, ही रीत दोघांचीही. परीक्षेच्या वहीत मात्र निबंध पुढे पाठ केलेल्या सुभाषितांचा आणि ठराविक वर्णनांचा झाला.

हैदराबादेत या कामास आणखी एक अडचण होती. १८८४ मध्ये संस्थानच्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. १९१८ मध्ये उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठरले. मराठी मुलाला बाजारात दखनी, शेजारी तेलुगू, कचेरीत उर्दू आणि घरी मराठी, असा चार भाषांचा संसार करावा लागे. अशा काळात, १९०७ मध्ये, जामबागेत विवेकवर्धिनी उभी राहिली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने मुलांना स्वभाषेत विचार करता यावा म्हणून केलेली ही खटपट होती. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. मुसीपलीकडच्या सिटी कॉलेजात शिकलेले नरहर कुरुंदकर पुढे मराठीतील समर्थ वैचारिक लेखक झाले, आणि तेही पेशाने शिक्षकच.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आपण येथेच राहिलो. कारभारासाठी मराठीची गरज उरली नाही. जे टिकले ते केवळ हौसेने आणि निष्ठेने टिकले. आज आमची नातवंडे घरी मराठी बोलतात, पण आजीला चार ओळींचे पत्र लिहावयाचे म्हटले की अडतात. म्हणून हा प्रश्न मला केवळ गुणांचा वाटत नाही.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगतो. १९५८ च्या सुमारास गुरुजींनी ‘मुसीचा पूर’ हा विषय दिला. मी रुद्राचे तांडव, काळाची जिव्हा, आकाश फाटणे असे सारे अलंकार ओतून आठ पाने भरली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. गुरुजींनी वही वाचली आणि विचारले, “बाळ, यातला मुसी हा शब्द काढून गोदावरी घातला, तर तुझ्या निबंधात काय बदलेल?” मला उत्तर सुचेना. “मग जा, अफजलगंजातली चिंच पाहून ये,” ते म्हणाले.

२८ सप्टेंबर १९०८ च्या पुरात त्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसांनी जीव वाचविला, असे सांगतात. मी झाडाखाली उभा राहून फांद्यांची उंची पाहिली. शेजारच्या वृद्ध आजोबांना पुराच्या आठवणी विचारल्या. पूर ओसरल्यावर विश्वेश्वरय्यांना येथे पाचारण केले गेले, आणि त्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले, हे वाचनालयात वाचले. दुसरा निबंध तीनच पानांचा झाला. गुरुजींनी तोही परत दिला; एका वाक्याखाली रेघ ओढून समासात लिहिले होते, “हे तुला कोणी सांगितले?” तिसऱ्या वेळी तो मान्य झाला.

लेखनाच्या वर्गाकडून हीच अपेक्षा धरावी. वही परत येईल; एकच मजकूर तीनदा लिहावा लागेल. आवडते वाक्य खोडावे लागेल. पुस्तकाबाहेर जाऊन पाहावे, विचारावे लागेल. सोबत्याचा निबंध लक्षपूर्वक वाचून त्याचे उणे सौजन्याने सांगावे लागेल आणि आपले उणे निमूटपणे ऐकावे लागेल. परीक्षेतील गुण यातून वाढतीलच, असे वचन मी देत नाही. परंतु आपण जे म्हणतो ते कशावरून म्हणतो, हे स्वतःला विचारण्याची सवय मात्र लागेल. ती मला पुढील साऱ्या आयुष्यात उपयोगी पडली.

शिक्षकांकडूनही काही मागितले पाहिजे. चाळीस वह्या अशा रीतीने तपासणे हे कष्टाचे काम आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे निवृत्त आहेत, त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ या कामास दिली, तर गुरुजींचे स्मरण केवळ व्याख्यानापुरते राहणार नाही. पहिल्या दहा वह्या मी घेतो.