तंतुकणिका कोण ओढतं?

शाळेत आपण सगळ्यांनी पेशीची आकृती काढलेली आहे. मधे केंद्रक, आजूबाजूला वालाच्या दाण्यांसारख्या चार-पाच तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, आणि शेजारी ‘पेशीचे ऊर्जाघर’ असं लिहिलं की गुण मिळायचे. त्या आकृतीत एक गोष्ट मात्र दिसायची नाही. तंतुकणिका एका जागी बसून नसतात, त्या पेशीभर फिरतात. आणि त्यांना फिरवतं कोण, हे कळायला १९८५ साल उजाडावं लागलं.

प्रश्न किती मोठा आहे बघा. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी एक चेतापेशी घ्या. पेशी एकच, पण तिचा अक्षतंतू जवळजवळ मीटरभर लांब. टोकाला ऊर्जा लागते, म्हणून तिथे तंतुकणिका हव्यात. चालू असताना तंतुकणिकेचा वेग सेकंदाला एक मायक्रॉन धरला, म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग, तर न थांबता जायलाही साडेअकरा दिवस लागतील. आणि ती तर थांबत, मागे फिरत, पुन्हा निघत जाते. त्यापेक्षा आपली बदलापूर स्लो परवडली! नुसतं तरंगत पोहोचायचं म्हटलं, तर माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

१९८०च्या सुमारास रॉबर्ट ॲलन यांनी सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडला आणि स्क्विड नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाडजूड अक्षतंतूत बारीक कण धावताना दिसू लागले. रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी अमेरिकेतल्या वुड्स होल इथे याच स्क्विडवर काम करून, कण ओढणारं प्रथिन १९८५ मध्ये वेगळं काढलं. त्याचं नाव कायनेसिन. दुसरं प्रथिन डायनीन; ते सूक्ष्मजीवांच्या हलणाऱ्या केसांमधून इयान गिबन्स यांना आधीच, १९६५ मध्ये, माहीत झालं होतं. पण पेशीच्या आत माल वाहणारा त्याचा भाऊ ओळखू यायला १९८७ लागलं. दोघंही सूक्ष्मनलिका नावाच्या रुळांवर चालतात. अक्षतंतूत कायनेसिन टोकाकडे जातं, डायनीन केंद्रकाकडे परततं. कायनेसिनचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि दर पावलाला एटीपीचा एक रेणू खर्च. एटीपी बनवतं कोण? तंतुकणिकाच. म्हणजे डब्यात चाललेल्या कोळशावरच इंजिन चालायचं, असा हा मामला.

जपानमध्ये नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने १९९८ मध्ये उंदरात एका कायनेसिनचं जनुक काढून टाकलं, तेव्हा तंतुकणिका केंद्रकाभोवती गोळा होऊन बसल्या. मग इंजिनाला डबा जोडणारी कडी कोणती? ती फळमाशीत सापडली. जिच्या डोळ्यातल्या चेतापेशींच्या टोकाला तंतुकणिका पोहोचतच नव्हत्या, तिच्यातल्या बिघडलेल्या प्रथिनाला आंधळ्या कवीवरून ‘मिल्टन’ नाव मिळालं. त्याच्या जोडीचं ‘मिरो’. मिरोला कॅल्शियम चिकटलं की ओढणं थांबतं. चेतापेशीत जिथे काम जोरात, तिथे कॅल्शियम जास्त, म्हणून तंतुकणिका नेमकी तिथेच उतरते. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग हाच.

आता कुलाब्याला येऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, भाभांच्या पुढाकाराने ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. भौतिकशास्त्राच्या शेजारी जीवशास्त्र, याचं फळ पुढे मिळालं. रूप मलिक मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांनी लेझरच्या चिमट्याने कण धरून मोटारी किती जोर लावतात ते मोजलं. कोडं असं होतं: एकटं कायनेसिन पाच-सहा पिकोन्यूटन ओढतं, एकटं डायनीन त्यांच्या मोजमापात जेमतेम एक. तरी जड माल आत आणायचं काम डायनीनच करतं. कसं?

इथल्या माणसाला उत्तर लगेच कळेल. कर्जतला बोरघाट चढताना गाडीला मागून जादा इंजिनं, बँकर, लागतात की नाही? पण नुसती इंजिनं वाढवून भागत नाही, ती एकाच वेळी जोर लावायला हवीत. २०१३ च्या शोधनिबंधात मलिक यांच्या गटाने दाखवलं की ओझं वाढलं की पुढचं डायनीन पाऊल लहान करतं, मागची त्याला येऊन गाठतात; शिवाय ताण वाढला की डायनीन रूळ सोडण्याऐवजी घट्ट धरतं. ही युक्ती कायनेसिनकडे नाही. हे मोजमाप तंतुकणिकांवर नव्हे, तर पेशीने गिळलेल्या मण्यांवर झालं होतं, एवढं लक्षात ठेवा. पण तंतुकणिकांना मागे आणणारी मोटार हीच. मलिक यांना २०१४ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला.

त्याच संस्थेच्या संध्या कौशिका जिवंत प्राण्यातली वाहतूक बघतात. प्राणी म्हणजे मिलिमीटरभर लांबीचा, पारदर्शक सूत्रकृमी. तो वळवळतो, म्हणून पूर्वी त्याला गुंगीचं औषध देत. पण गुंगीत चेतापेशीतली वाहतूकही मंदावायची, मग मोजायचं काय? २०११ मध्ये, संस्थेच्याच बंगळुरू केंद्रात असताना, त्यांच्या गटाने रबरासारख्या पारदर्शक पदार्थाचं एक छोटं साधन वापरलं. वरचा पातळ पडदा फुगवून कृमीला हलकेच दाबून धरायचं, आतली वाहतूक टिपायची, आणि काम झालं की दाब सोडायचा. कृमी पुन्हा वळवळायला मोकळा.