तीन सेंट

मुठीत पंधरा सेंट घट्ट धरून तुम्ही फलाटावर उभे आहात. व्हर्जिनियातलं स्टाँटन, साल १८६५. यादवी युद्ध नुकतंच संपलंय, दक्षिण हरलीय. इथे दिवसातून एकदाच गाडी येते. ती थांबते आणि दहा-अकरा वर्षांचा एक गुबगुबीत पोरगा तिच्यातून आलेला पेपरांचा गठ्ठा बगलेत मारून विकायला लागतो. तुम्ही घासाघीस करून पाहता. तो हसतो, पण भाव उतरवत नाही. पेपर पंधरा सेंट, चित्रांचा अंक पंचवीस. का उतरवेल? गार्डाशी त्याची गट्टी जमलीय, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पेपर गार्ड गाडीत चढूच देत नाही. शहरात बातमी हवी तर ती याच्याकडूनच घ्यायची.

हा मक्ता पाच आठवडे चालतो. मग गार्ड बदलतो आणि धंदा बुडतो, पण तोवर चांदीचे ८८ डॉलर गाठीला लागलेले असतात. बाप हरलेल्या फौजेतला अधिकारी, घरात दमडी नाही. पोराच्या या कमाईवर सगळं कुटुंब लुईव्हिलला जातं. पोराचं नाव टॉम जॉन्सन. शाळा त्याच्या वाट्याला फारशी आली नाही, पण मक्ता म्हणजे काय ते त्याला पुरतं कळलंय.

आता काही वर्षं पुढे या. लुईव्हिल, घोड्यांची ट्राम. तुम्ही पेटीत नाणं टाकता आणि ते लगेच गडप होत नाही. आतल्या काचेच्या फळीवर पडून राहतं. ट्रामवाला बघतो, मोजतो, मग खाली जातं. ही पेटी टॉमच्याच डोक्यातून निघालेली. ट्राम कंपनीच्या कचेरीत पोऱ्या म्हणून लागलेला हा मुलगा पेटीच्या पैशांतून विशीतच इंडियानापोलिसची ट्राम विकत घेतो, मग क्लीव्हलँडमध्ये शिरतो. तिथे त्याची गाठ पडते मार्क हॅनाशी, जो पुढे मॅकिन्लीला राष्ट्राध्यक्षपदावर बसवणार आहे. शहराच्या रस्त्यांवर रूळ कुणाचे, यावरून दोघे वर्षानुवर्षं झुंजतात. टॉमचे पोलादी रुळांचे कारखाने उभे राहतात, युक्लिड अॅव्हेन्यूवर हवेली येते. हा भाग इतका सुरळीत आहे की तुम्ही खिडकीला डोकं टेकून झोपलात तरी चालेल.

पण या वेळी जागे राहा. इंडियानापोलिसहून क्लीव्हलँडकडे निघालेल्या गाडीत एक पुस्तकविक्या टॉमपुढे पुस्तक धरतोय: हेन्री जॉर्ज यांचं ‘सोशल प्रॉब्लेम्स’. नावावरून टॉमला वाटतं, वेश्याव्यवसायावरचं काही असेल, म्हणून तो नको म्हणतो. गार्ड मधे पडून गळ घालतो. (या माणसाच्या आयुष्याला वळण द्यायला दर वेळी गार्डच कसा येतो?) पुस्तकात लिहिलंय की जमीन आणि मक्ता यांतून येणारं धन ज्याच्या खिशात जातं, त्याने ते कमावलेलं नसतं, समाजाने निर्माण केलेलं असतं. टॉम अस्वस्थ होतो. जॉर्जचं आधीचं पुस्तक तो आपल्या वकिलाला देतो आणि सांगतो, यातली चूक काढून दाखव. वकिलाला चूक सापडत नाही.

१९०१. तुम्ही क्लीव्हलँडच्या एका वस्तीत, सर्कशीच्या तंबूत बसला आहात. लाकडी बाकं, भुसा, घामाचा वास, एखाद्या तमाशाच्या फडाइतकी गर्दी. मंचावर आडव्या अंगाचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस उभा आहे. महापौरपदाचा उमेदवार. भाषण थोडकंच, मग तो म्हणतो, विचारा. हा तंबू त्याने यासाठीच निवडलाय. दिवाणखान्यात न येणारी माणसं इथे येतात आणि मागच्या बाकावरून खडा सवाल टाकतात. तुम्हीही उठा. विचारा की बाबा, तू स्वतःच मक्तेदार होतास ना? तो चिडत नाही. कायदा धंदेवाल्याला सवलत देत होता तोवर मी ती घेतली, तो म्हणतो. आता तो कायदाच बदलायला आलोय. ऐकून तुम्हाला त्याचा थोडा राग येतो, थोडा विश्वासही वाटतो. मला विचाराल तर दोन्ही रास्त आहेत. चोरवाटा ज्याने स्वतः तुडवल्यात, त्याच्याइतका चांगला पहारेकरी मिळत नाही, पण त्याच्यावर नजर ठेवावीच लागते.

तो निवडून येतो, एकूण चार वेळा. बागांमधल्या ‘गवतावर चालू नका’ या पाट्या निघतात; तुमची पोरं हिरवळीवर लोळतात. बाजारात खोटी वजनं जप्त होतात. पण त्याचा जीव अडकलाय ट्रामच्या भाड्यात. खासगी कंपन्या पाच सेंट घेतात, तो म्हणतो तीन पुरेत. कंपन्या कोर्टात जातात, एकामागून एक मनाई हुकूम आणतात. १ नोव्हेंबर १९०६ ला पहिली तीन सेंटची ट्राम निघते तेव्हा मोटरमनच्या जागी खुद्द महापौर. एप्रिल १९०८ मध्ये सगळं जाळं एका छत्राखाली येतं आणि एक दिवस सगळ्यांना फुकट प्रवास मिळतो. तुम्ही चढता, उतरता, उगाचच पुन्हा चढता.

पुढच्याच महिन्यात ट्राम कामगारांचा संप होतो. ऑक्टोबरच्या सार्वमतात एका छत्राखालच्या ट्रामची योजना थोडक्या मतांनी पडते, आणि १९०९ च्या निवडणुकीत लोक त्यालाही पाडतात. पाडणाऱ्यांत तुम्हीही असाल. फुकटच्या दिवसाची चव संपाच्या दिवसांत कुणाला आठवते? हवेली सुटते, पैसा सरतो, तब्येत खालावते.

१९१० मध्ये न्यायाधीश टेलर यांनी घालून दिलेला करार मतदानाने मंजूर होतो. मक्ता खासगी कंपनीकडेच राहतो, भाडं मात्र तीन सेंट. टॉम आता कुठल्याच पदावर नाही. १० एप्रिल १९११ ला तो जातो. ब्रुकलिनच्या दफनभूमीत त्याला हेन्री जॉर्जजवळ पुरतात. क्लीव्हलँडच्या चौकात पुढे त्याचा पुतळा बसतो, हातात जॉर्जचं पुस्तक घेतलेला.

तुम्ही ट्राममध्ये चढता. खिसा चाचपून एक एक करत तीन सेंट मोजता आणि पेटीत टाकता.