पहिलं पुस्तक छापताय? आधी हे वाचा : नवलेखकांसाठी अनुदान, पुरस्कार आणि मार्गदर्शन

पनवेल : खांदा कॉलनीतल्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयात पनवेल परिसरातल्या गावागावांतून मुलं शिकायला येतात. त्यातलं कुणी ना कुणी वहीत कविता, कथा लिहीत असतंच. वही भरल्यावर पुढे काय करायचं, हे मात्र घरात कुणाला ठाऊक नसतं. मग मोबाईलवर मेसेज येतो, ‘आपली राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे’. खाली नोंदणी शुल्क आणि क्यूआर कोड. नाहीतर भाताचे आलेले पैसे घालून पुस्तक छापून घ्यायचं, थोड्या प्रती पाहुण्यांना वाटायच्या आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर टाकायचे.

ही घाई नडते. पहिलं पुस्तक एकदाच निघतं आणि सरकारची मदत नेमकी त्या पहिल्या पुस्तकाशीच बांधलेली आहे.

ज्यांचं पुस्तक अजून निघालेलं नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. हे मंडळ 1960 साली स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. या योजनेत पुस्तक नाही, तर हस्तलिखित पाठवायचं असतं. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालसाहित्य असे प्रकार चालतात. जाणकार ते वाचतात, निवड झाली तर छपाईला अनुदान मिळतं. म्हणजे स्वतःच्या खिशातून पुस्तक काढून मोकळं झालेल्या माणसाला हा दरवाजा बंद. मंडळ जाहिरात काढून हस्तलिखितं मागवतं, तेव्हा मुदतीवर लक्ष ठेवायला लागतं. मूळ वही कधीच पाठवू नये, झेरॉक्स काढून एक प्रत घरी ठेवावी.

पुस्तक निघालं की दुसरी संधी येते. स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा गट वेगळा आहे. नवा लेखक तिथे मुरलेल्या लेखकांशी नाही, नव्यांशीच स्पर्धा करतो. कवितेच्या पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, नाटकाचा विजय तेंडुलकरांच्या, कादंबरीचा श्री. ना. पेंडसेंच्या आणि कथेचा ग. ल. ठोकळांच्या नावाचा. सरलेल्या वर्षात, म्हणजे 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या काळात निघालेलं पुस्तक धरतात आणि प्रवेशिका साधारण पुढच्या जानेवारीत घेतात. तो महिना चुकला की त्या पुस्तकाची संधी गेली. मुंबईबाहेरच्या लेखकांना जिल्हाधिकारी कार्यालयातही प्रवेशिका देता येते. रायगडकरांना त्यासाठी प्रभादेवीपर्यंत जायची गरज नाही, अलिबागला काम होतं.

वय कमी असेल तर साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. तो 2011 पासून 35 वर्षांच्या आतील लेखकाच्या पुस्तकाला मिळतो. 50 हजार रुपये आणि ताम्रपट असं त्याचं स्वरूप. शहरातल्या शिकलेल्यांनाच हे मिळतं, असं गावाकडे सर्रास म्हणतात. पण 2018 चा मराठीचा पुरस्कार ‘फेसाटी’ या कादंबरीसाठी नवनाथ गोरे यांना मिळाला. ते सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातले, धनगर कुटुंबातले. 2024 ला ‘उसवण’साठी देविदास सौदागर यांना मिळाला. ते तुळजापूरचे, शिवणकाम करणारे, आणि कादंबरीही शिंप्याच्याच जगण्यावरची. दोघांनी आपल्या भोवतालचं लिहिलं. अर्थात पुरस्काराने पोट भरत नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गोरे यांच्यावर शेतमजुरीची वेळ आल्याच्या बातम्या आल्या होत्या.

लिहीत असतानाच पैसे आणि शिकवणारा माणूस, दोन्ही देणारी योजना म्हणजे केंद्राची ‘पीएम-युवा’. ती 2021 ला सुरू झाली आणि नॅशनल बुक ट्रस्ट ती राबवतं. वय 30 च्या आत हवं. निवड झालेल्याला सहा महिने दरमहा 50 हजार रुपये, जाणत्या लेखकाचं मार्गदर्शन आणि पुढे पुस्तकावर रॉयल्टी. मराठीतूनही लिहिता येतं. मात्र इथे विषय सरकार ठरवतं. पहिल्या फेरीत स्वातंत्र्य चळवळ होती, दुसऱ्या फेरीत लोकशाही. शिवाय पुस्तकाचा सुमारे 10 हजार शब्दांचा प्रस्ताव आधी द्यावा लागतो. नुसत्या कविता असलेल्याला ही योजना कामाची नाही, पण गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी गोळा करणाऱ्याला अशी फेरी फार उपयोगाची.

जवळपासचंही विसरू नये. मधु मंगेश कर्णिकांनी उभी केलेली कोकण मराठी साहित्य परिषद, म्हणजे ‘कोमसाप’, शाखाशाखांतून कविसंमेलनं घेते. तिथे कविता वाचली की चूक कुठे झाली ते सांगणारं कुणी भेटतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. कोमसापचा कादंबरीचा पुरस्कार ‘पाणकळा’कार र. वा. दिघे यांच्या नावाचा आहे. दिघे आपल्याच जिल्ह्यात, खोपोलीजवळ शेती करत लिहीत होते. नाटकाची आवड असणाऱ्यांसाठी पनवेलमधल्या फडके नाट्यगृहात अटल करंडक एकांकिका स्पर्धा होते. आपलं लिहिलेलं प्रेक्षकांपुढे कसं उभं राहतं, हे तिथे एका रात्रीत कळतं.

वर दिलेल्या सरकारी पुरस्कारांना आणि योजनांना प्रवेश शुल्क नाही. पुरस्काराच्या नावाने कुणी पैसे मागितले, तर पैसे भरण्याआधी आधी कुणाकुणाला तो मिळाला, परीक्षक कोण होते आणि पुस्तक वाचलं कुणी, हे तीन प्रश्न विचारावेत. बहुतेक वेळा उत्तर येतच नाही, नंबर ब्लॉक होतो.