काडतुसाच्या टोपीवरील दाबाच्या खुणा व त्यांची साक्ष

इतिहासाच्या साधनांत कागदपत्र, नाणें, शिलालेख व ताम्रपट यांस योग्य तो मान मिळाला आहे. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी मात्र बहुधा मुलांच्या खेळण्यांत किंवा मोडीच्या भावांत गेली. यवतमाळ जिल्ह्यासारख्या जंगलमय प्रदेशांत असें साधन संग्राहकाच्या हातीं येण्याचा संभव मोठा आहे. म्हणून तें वाचावें कसें, आणि विशेषतः तिच्या बुडांतील टोपीवर उमटलेल्या दाबाच्या खुणांवरून कोणता निष्कर्ष काढावा व कोणता काढूं नये, याचा विचार येथें योजिला आहे.

प्रथम कालनिर्णय. १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्याजवळ शिवणी येथें कर्नल अॅडम्सनें दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला व त्याच्यापाशीं उरलेल्या पांच तोफा घेतल्या. या लढाईची म्हणून कोणी टोपीची पितळी पुंगळी दाखवूं लागल्यास ती तत्काळ नाकारावी. त्या काळीं बंदूक तोड्याची किंवा चकमकीची असे. दारू ठासून भरावी लागे व बार उडे तो कानावरील रंजकानें. फोर्सिथ यानें आघातानें पेटणाऱ्या मसाल्याचा हक्क १८०७ सालीं नोंदविला होता खरा, पण टोपीची बंदूक ब्रिटिश फौजेंत आली ती १८४० च्या सुमारास. टोपी बुडांतच बसविलेलें धातूचें काडतूस तर बॉक्सर व बर्डन यांच्या हातून १८६६ च्या आगेंमागें सिद्ध झालें. बुडांतील टोपीच्या खळग्यांत मध्यें एकच छिद्र असल्यास बांधणी बॉक्सरची, दोन बारीक छिद्रें असल्यास ती बर्डनची, हें ओळखणें सोपें आहे.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालीं स्थापन झाला. त्याच्या पुंगळीच्या बुडावर ‘के. एफ्.’ हीं अक्षरें व पुष्कळदां सालाचे आंकडे असतात. तें साल घडणीचें, उडविल्याचें नव्हे. कागदावरील जलचिन्ह कागदाचें वय सांगतें, पत्राची मिति सांगत नाहीं, तसेंच हें आहे. शिवाय ३०३ जातीच्या रायफली १९४७ नंतरही अनेक वर्षें पोलिसांच्या हातीं होत्या. तेव्हां अशी पुंगळी सांपडली म्हणजे तेथें गोऱ्या पलटणीचा तळ होता, असें सिद्ध होत नाहीं.

आतां टोपीकडे वळूं. दाब बेताचा असल्यास उडालेल्या टोपीची कड गोलसर राहते. दाब वाढला म्हणजे टोपी चपटी होऊन खळगा कांठोकांठ भरते. त्याहून वाढल्यास धातु घोड्याच्या सुईभोंवतीं मागें वाहून कांठ उंचावतो, क्वचित् टोपीस भोंकही पडतें. हातानें भरलेल्या काडतुसांत दारू किती झाली, हें शिकारी याच खुणांवरून ताडीत. आणि एखाद्या घराण्यांत फुटलेल्या बंदुकीची कथा चालत आली असेल, तर ‘बार जास्त भरला’ हा ठपका मृत पुरुषावर ठेवण्यास हीच चपटी टोपी पुरावा म्हणून पुढें केली जाण्याचा संभव असतो.

परंतु यांतील एकही खूण एकाच कारणानें उमटत नाहीं. टोपीचा पत्रा मऊ असल्यास ती साध्या दाबानेंही चपटी होते. सुईचें छिद्र रुंद असल्यास कांठ उंचावतो; सुई टोंकदार असल्यास भोंक पडतें. पुंगळी व बोल्ट यांत फट अधिक असल्यास टोपी प्रथम मागें सरते, मग पुंगळीच मागें येऊन तिला दाबते व चपटी करते. येथें दोष दारूचा नसून बंदुकीचा. उलट टोपी बाहेर आलेलीच राहिली, तर तें बहुधा कमी दाबाचें लक्षण होय. खूण नसली म्हणजे दाब सुरक्षित होता असेंही नव्हे. पत्रा कठीण असल्यास मर्यादा ओलांडल्यावरही टोपी कांहीं बोलत नाहीं. टोपीचा खळगा सैल पडणें किंवा पुंगळीचें बूड फुगणें ही साक्ष त्यांतल्या त्यांत बळकट.

ऋतुमानही विसरूं नये. कॉर्डाइट तापलें म्हणजे दाब वाढतो. विलायती कारखानदार उष्ण देशांसाठीं कमी कॉर्डाइटचीं काडतुसें मुद्दाम भरीत, तें याचमुळें. वऱ्हाडांतील मार्गशीर्षांत गोलसर राहणारी टोपी वैशाखांत त्याच भरण्यानें चपटी दिसेल.

पुंगळीच्या मानेवरील चिरांविषयीं तर विशेष सावधगिरी हवी. हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजेच्या काडतुसांस पावसाळ्यांत, तबेल्यांजवळ सांठविलीं असतां, आपोआप चिरा पडत. घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया, दमट हवा व घडणीच्या वेळीं पितळेंत राहिलेला ताण या तिघांचा तो परिणाम होता, असें १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं दाखविलें. पितळ बेतानें तापवून ताण काढणें हा त्यावरील उपाय ठरला. अशी चीर न उडालेल्या काडतुसालाही पडते. तिला दाबाची खूण मानणें म्हणजे वाळवीच्या भोंकांस लेखकाचे विराम समजणें होय.

तात्पर्य, एका टोपीवरून निर्णय देऊं नये. एकाच अक्षराच्या वळणावरून मोडी कागदाचा लेखक ठरवीत नाहीं; त्याच हातचे दहा कागद शेजारीं ठेवतों. तसेंच एका सालच्या, एका कारखान्याच्या व शक्य तर एकाच बंदुकींतून उडालेल्या अनेक पुंगळ्या जुळवून पाहाव्या. सांपडल्याची जागा टिपावी व पितळ घांसूं नये, कारण घांसल्यानें खूणच जाते. जिवंत काडतूस मात्र संग्रहांत ठेवूं नये, उकलूं नये. परवान्यावांचून तें बाळगणें १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें गुन्हा आहे, म्हणून पोलिसांस कळवावें.

टोपी हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची उलटतपासणी केल्यावांचून कोणा मृतास दोषी ठरविण्याचा अधिकार आपणांस नाहीं.