व्यासपीठावरील दक्षिणा : डोंगरे घराण्याच्या दोन पिढ्या

व्याख्यानें देऊन द्रव्य मिळविण्याचा उद्योग इंग्रजी अमदानींत आपणांकडे आला, असा एक समज प्रचलित आहे. सभेंतील वक्त्याच्या उंच जागेस आपण जें नांव देतों तें व्यासपीठ हें नांवच ह्या समजाविरुद्ध साक्ष देतें. पुराण सांगणारा व्यासांच्या स्थानीं बसलेला, म्हणून त्याचें आसन तें व्यासपीठ. आणि त्या आसनापुढें पडणारीं फळें, धान्य, वस्त्रें व नाणीं यांवर पुराणिकांचीं घरें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं. तेव्हां वाणीवर उदरनिर्वाह ही गोष्ट आपणांस नवीन नव्हती. मग नवें काय आलें, हा प्रश्न उरतो. त्याचा उलगडा एकाच घराण्यांत करून पाहण्याचें योजिलें आहे. तें घराणें म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे व त्यांची कन्या पंडिता रमाबाई यांचें.

अनंतशास्त्र्यांचें अध्ययन पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांजपाशीं झालें. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. तें पाहूनच स्त्रीस संस्कृत शिकवावें ही ऊर्मि अनंतशास्त्र्यांच्या मनांत उद्भवली. पुढें पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनीं शिकविलें व सह्याद्रींतील गंगामूळ येथें अरण्यांत आश्रम केला. तेथेंच 1858 सालीं रमाबाईंचा जन्म झाला. आलेल्यागेलेल्याच्या आतिथ्यांत पैसा सरला, आणि मूल सहा महिन्यांचें असतांनाच सर्व कुटुंब तीर्थाटनास निघालें. मुलीस वेताच्या पेटाऱ्यांत घालून डोक्यावरून नेलें. तेथून पुढें पुराणवाचन हीच त्यांची वृत्ति.

ह्या वृत्तीचें वर्णन रमाबाईंनीं 1907 सालच्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनांत केलें आहे. पोथी हातीं घेऊन देवळांत, झाडाखालीं वा नदीकांठीं बसावें, उंच स्वरानें वाचावें; येणारेजाणारे थांबतात, ऐकतात, कांहीं पुढें ठेवून जातात. कित्येक पुराणिक प्राकृतांत अर्थ सांगत. डोंगरे कुटुंब मात्र मूळ संस्कृत तेवढें वाची, अर्थ सांगत नसे. श्रवणानेंच पुण्य लागतें अशी श्रोत्यांची श्रद्धा. तेव्हां न समजलें म्हणून दक्षिणा कमी होण्याचें कारण नव्हतें. आमच्या मतें ह्या व्यवहाराचें मर्म येथेंच आहे. श्रोता देतो तो घेतलेल्या पुण्यासाठीं, आणि तें त्याच्या पदरीं त्याच क्षणीं पडलेलें असतें. नाणें खालीं ठेवलें कीं हिशेब मिटला. त्या पैशाचें पुढें काय केलें, हें विचारण्याचा अधिकार त्यास नाहीं व इच्छाही नाहीं.

वेतन ठरवून शिकविणाऱ्यास, म्हणजे भृतकाध्यापकास, मनूनें श्राद्धास वर्ज्य केलें आहे. पुराणिक त्या दोषांतून सुटला तो एवढ्याच कारणानें कीं त्याची रक्कम आगाऊ ठरलेली नसे. पण जें ठरलेलें नाहीं त्याचा भरंवसाही नाहीं. 1874 च्या सुमारास दुष्काळ पडला आणि ह्या वृत्तीचा पोकळपणा उघडा झाला. मिळेल तें दानधर्मांत घालविलेलें. दुसरें काम येत नाहीं. भीक मागण्याची लाज. अनंतशास्त्री, मग लक्ष्मीबाई, मग थोरली मुलगी अशीं एकामागून एक मृत्यु पावलीं.

उरलेलीं दोघें, रमाबाई व बंधु श्रीनिवासशास्त्री, हिंडत हिंडत 1878 सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. येथें पहिला पालट झाला : पोथीच्या जागीं विषय आला. स्त्रीशिक्षणावर बोलावयाचें म्हणजे श्रोत्यांस तें समजलेंच पाहिजे. नुसत्या श्रवणाचें पुण्य येथें चालत नाहीं. 1882 सालीं वैधव्य आल्यावर त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हें पुस्तक लिहून त्याच्या विक्रींतून विलायतेचा खर्च उभारला.

खरा पालट अमेरिकेंत झाला. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं 1886 सालीं त्या फिलाडेल्फियास गेल्या, त्या 1888 अखेरपर्यंत त्या देशांतच राहिल्या व गांवोगांव बोलत राहिल्या. तो देश व्याख्यानांस सरावलेला होता. 1826 सालीं होलब्रुक यानें मॅसॅच्युसेट्समध्यें गांवकऱ्यांची व्याख्यानसंस्था काढली होती. 1868 सालीं जेम्स रेडपाथ यानें बोस्टन येथें वक्त्यांची आडतच उघडली. वक्त्याचा दर ठरवावा, दौरा आंखावा, आणि दहा टक्के दलाली घ्यावी. मनूच्या दृष्टीनें ही निव्वळ भृति. पुढें विवेकानंदही शिकागोंतील अशाच एका आडतीच्या करारांत सांपडले व 1894 सालीं त्यांतून बाहेर पडले.

रमाबाईंनीं स्वतःचा दर न ठरवितां बालविधवांच्या शाळेसाठीं मदत मागितली. डिसेंबर 1887 मध्यें बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें व दहा वर्षें शाळा चालविण्याचें त्यानें पत्करलें. वडिलांची दक्षिणा संध्याकाळपर्यंत टिके. कन्येची दहा वर्षांची झाली. 11 मार्च 1889 रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, आणि पुढच्या सालीं तें पुण्यास आलें.

परंतु दहा वर्षें देणारा दहा वर्षें विचारतोही. शाळेंत धर्माच्या बाबतींत तटस्थपणा राखावा, ही त्या मदतीबरोबर आलेली अट होती. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. त्यांच्या प्रार्थनेस मुली बसतात, ह्यावरून पुण्यांत वाद पेटला, आणि 1893 सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. ह्या वादांत न्याय कोणाचा हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस दिसतें तें इतकेंच कीं अनंतशास्त्र्यांस असा जाब कोणीं विचारला नसता. त्यांच्या श्रोत्यांचें देणेंघेणें घाटावरच संपलेलें असे.

ह्या भेदाचा परिणाम कागदांवरही झाला आहे, आणि तो संग्राहकांनीं ध्यानांत घेण्यासारखा आहे. बोस्टनच्या मंडळास देणगीदारांस झाडा द्यावा लागे, म्हणून त्याचे वार्षिक अहवाल छापले गेले. पुराणिकास झाडा देणें नव्हतें, म्हणून त्याच्या मिळकतीचा कागद सहसा झालाच नाहीं. जो झाला तो खर्च करणाऱ्याच्या बाजूनें : दरबारच्या रोजकीर्दींत, देवस्थानांच्या हिशेबांत. पुराणिकाच्या बाजूचें कांहीं उरलें असेल तर तें पोथीच्या रुमालांतच. समाप्तीची तिथि, गांवाचें नांव, एखाद्या धोतरजोडीची वा रुपयाची नोंद, पानाच्या समासांत किंवा सुट्या चिठोरीवर. पोथ्या झाडून घेतांना अशीं चिठोरीं प्रथम केरांत जातात, आणि ग्रंथाची नक्कल तेवढी यादींत चढते. भागवताच्या नकला पुष्कळ आहेत. ती पोथी कोणत्या गांवीं वाचली गेली व वाचणाऱ्यास काय मिळालें, हें सांगणारें चिठोरें एकच असतें.